कामट्या

बिराप्पाला खाटेवरून उठवायला दोन माणसं लागत, आणि सकाळी घरात सिताबाई एकटीच असे. मुलगा मल्हार उजाडायच्या आत मेंढरं घेऊन माळावर गेलेला असे. सून समृद्धी चुलीपाशी असे, पण तिला पाचवा महिना होता; तिला धरायला कोण सांगणार? सिताबाई जुन्या लुगड्याची चौपदरी पट्टी नवऱ्याच्या कमरेला आवळी, पट्टीत दोन्ही हात घाली आणि पाय रोवून उभी राही.

“बूड म्होरं सरकवा आधी.”

“सरकवलं.”

“कुठं सरकवलंय? हाय तिथंच हाय.”

“मग तूच सरकीव. माझं बूड कुठं हाय त्ये मलाच कळंना.”

ती हसे. तोही हसे, पण उजव्या बाजूनंच. डावा गाल जागचा हलत नसे.

ज्येष्ठात एका सकाळी मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळायला तो वाकला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. अंगावरून वारं गेलं. उमरग्याच्या दवाखान्यात अकरा दिवस काढले; तिथं रक्तात साखरही निघाली. जीव वाचला, जीभ बरीचशी वाचली, डावा हात आणि डावा पाय मात्र अंगाला नुसते लावून ठेवल्यासारखे झाले. चालायचा व्यायाम घेणाऱ्या अर्पिता मॅडम तिथं रोज सकाळी येत. कमरेच्या पट्टीची युक्ती त्यांचीच.

“काका, आता गोळ्यांपेक्षा चालणं कामाला येणार. रोज. आधी टाच टेकवायची, मग पंजा.”

“पन्नास वर्सं चाललोय म्या, बाई. मला चालायचं शिकवता व्हय?”

“मग एक्कावन्नावं वर्ष माझं ऐका.”

निघायच्या दिवशी त्यांनी सिताबाईला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. पावलाला स्पर्श कळत नाही, तेव्हा रोज संध्याकाळी पाय धुऊन, उलटा करून बघायचा. काटा मोडला तरी त्यांना समजणार नाही. आणि पंजा खाली लोंबतो, म्हणून अंगठा जमिनीला अडतो. त्याला प्लास्टिकचा साचा मिळतो, सोलापूरला माप देऊन करून घ्यावा लागेल. पुढच्या खेपेला या, चिठ्ठी देते.

पुढची खेप झाली नाही. मेंढरं सोडून मल्हारला उमरग्याला जाता येईना, आणि सिताबाईला एकटीला बिराप्पाला एसटीत चढवता येईना.

जळकोटच्या पलीकडं, हमरस्त्यापासून आत त्यांची वस्ती. मागं मेंढरांचा वाडा, समोर ओढा, ओढ्यापलीकडं चढ, आणि चढाच्या माथ्यावर बिरोबाचं देऊळ. तिथून पुढं चराऊ माळ. सिताबाई त्याला दारातून बाभळीपर्यंत नेई आणि आणी. काठी उजव्या हातात. डावा पाय तो कमरेतून उचलून पुढं फेकी, आणि अंगठा मातीत रेघ ओढत मागून येई. पाऊस झालेला असला की दिवसभर ती रेघ अंगणात दिसे. संध्याकाळी ती पाय धुई, उलटा करी, तळव्यावरून बोट फिरवी.

“लागतंय का?”

“काय?”

“बोट.”

“लावलंस का?”

श्रावणात मल्हार एका दुपारी मेंढरं लवकर वळवून घरी आला. बरोबर शिवकुमार होता, मेंढरांचा व्यापारी. पिकअप गाडी रस्त्यावर उभी करून चालत आला होता. वाड्यात शिरून त्यानं चार-सहा मेंढ्यांच्या पाठी अंगठ्यानं दाबून पाहिल्या. मग शिष्टाचार म्हणून खाटेपाशी आला.

“आता कसं हाय, मामा?”

बोलताना त्याची नजर बिराप्पाच्या मांडीवरून पावलापर्यंत गेली आणि परत आली. वाड्यातही तो असाच बघत होता.

तो गेल्यावर बिराप्पा म्हणाला, “कुणी बलिवलं त्याला?”

“म्या.” मल्हार उंबऱ्यावर बसला. “आबा, मला दोनीकडं जमंना. पेट्रोल पंपावरच्या शेटनं दसऱ्यापत्तर कामाची जागा धरलीय. त्याच्याम्होरं दुसरा गडी घेनार म्हणलाय. हिचं बाळंतपण आलं. मेंढरामागं कोण जायाचं?”

“म्या जाईन.”

“तुमी बाभळीपत्तर जातावं.”

“दसऱ्याला बिरोबापत्तर जाईन. जाऊन येईन. मधी बसनार न्हाय.”

“आन बसला तर?”

“बसलो तर हाक मार तुझ्या शिवकुमारला.”

मल्हारनं पायातला काटा काढला, बोटावर घेऊन पाहिला, टाकला. मग म्हणाला, “बरं. दसरा.”

त्यानंतर दिवसातून तीन वेळा चालणं सुरू झालं. भाकरीआधी, दुपारी, दिवस कलल्यावर. सिताबाईचे हात पट्टीनं सोलून निघाले. ती त्यांना मेंढ्यांचं दूध चोळी. बाभळीपर्यंतचं ओढ्यापर्यंत झालं. पण अंगठा अडायचा तो अडायचाच. दहा पावलं नीट पडत, अकराव्याला ठेच लागे आणि सगळं अंग डावीकडं जाई.

ओढ्याच्या उतारावर एकदा दोघंही पडली. सिताबाई खाली, तो वर. खुरपणीहून परतणाऱ्या बायांनी पाहिलं आणि धावत आल्या. दगडाबाई सगळ्यांत पुढं.

“धरा गं, धरा! सिता, भर दुपारचं हे काय मांडलंय वं?”

बाया हसल्या. सिताबाईही हसली, अंगाखालून निघता निघता. चार बायांनी बगलेत हात घालून त्याला उभा केला तेव्हा त्याचं धोतर सुटून गुडघ्यांत आलेलं होतं. उजव्या हातात काठी होती, ती सोडली तर तो पडला असता. डाव्या हातानं धोतर धरता येत नव्हतं. तो तसाच उभा राहिला. दगडाबाईनं तोंड फिरवून हाताच्या अंदाजानं त्याला धोतर नेसवलं.

दोन दिवस तो चालला नाही. तिसऱ्या दिवशी चुलतभाऊ सिद्धाराम तंबाखू मळत खाटेशी आला. त्याचीही मेंढरं होती.

“काय बिराप्पा, हातरूनच धरलंस? आरं, त्या पायाला येक घुंगरू बांध. मागं राह्यला तर कळंल तरी.”

“सिद्ध्या, ऊठ हितनं.”

“राग कशाला? म्या म्हनतो, मल्हाऱ्याचं आयक. तू काय आता मेंढरं राखनार? मेंढरं तुला राखतीली.”

तो गेल्यावर बिराप्पा सिताबाईला म्हणाला, “पट्टी आन.”

भादव्यात एक मेंढी रस्त्याच्या मोरीवर पाय घसरून पडली. मल्हारनं ती खांद्यावर घालून आणली. मागचा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. सिताबाईनं बांबूच्या कामट्या काढल्या, विळ्यानं तासल्या, पायाला चिंध्या गुंडाळल्या, चार बाजूंनी कामट्या लावल्या आणि वरून लोकरीची दोरी आवळली. मेंढी ओरडली, मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ती चार पायांवर उभी होती, आणि तिसऱ्या दिवशी कामट्या ठकठकवत वाड्यात फिरत होती.

बिराप्पा खाटेवरून तिच्याकडं सारखा बघत होता.

“माझ्याबी पायाला बांध,” तो म्हणाला.

“तुमचं कुठं हाड मोडलंय?”

“मोडलं न्हाय. पन पंजा लोंबायलाय न्हवं? त्यो वर धरून बांधला की आडखळायचं कारन न्हाय. त्या बाईचा साचा म्हंजी दुसरं काय असतंय?”

सिताबाईला ते पटलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या पायात तिनं तसला साचा पाहिला होता. पोटरीमागून उतरून टाचेखाली वळलेला. तिनं एक ओली, रुंद कामटी आरावर शेकली आणि टाचेपाशी येईल अशी वाकवली. दोन बाजूंना दोन. खाली चिंध्या. दोरी त्यानंच मागच्या हिवाळ्यात चातीवर कातलेली होती.

“आवळ.”

“लागंल की.”

“लागलं तर सांगंन. आवळ तू.”

तिनं गुडघा पोटरीला लावला आणि आवळली.

जनावराचा बांधलेला पाय एकवीस दिवस सोडायचा नाही, हे बिराप्पाच्या बापापासून चालत आलेलं. मधेच सोडला की आतलं सगळं सरकतं आणि पाय वाकडा बसतो. या पायात सरकण्यासारखं काही नव्हतं, पण तसा विचार दोघांनाही सुचला नाही. बांधलं ते बांधलं. दसरा वीस दिवसांवर होता. संध्याकाळी सिताबाई कामट्यांबाहेर आलेली पाच बोटं तेवढी धुई. ती स्वच्छ दिसत.

आणि तो चालू लागला. पहिल्याच दिवशी ओढ्याच्या काठापर्यंत एकदाही ठेच लागली नाही. टाच टेकायची, मग पंजा टेकायचा, ठक आणि ठक. चौथ्या दिवशी ओढा ओलांडला. आठव्या दिवशी चढाच्या निम्म्यावर गेला, आणि तिथून खाली बघून म्हणाला, “पट्टी सोड.”

“पडाल.”

“सोड म्हनलं ना. कुत्र्यावानी धरून चालवायलीस.”

तिनं सोडली. हात रिकामे झाले तर ते कुठं ठेवायचे हे तिला कळेना. ती पदराला गाठी मारत मागून चालली. वरून मल्हारनं पाहिलं आणि तो मेंढरं सोडून उभाच राहिला. त्या संध्याकाळी जेवताना तो आपणहून म्हणाला, “शेटला सांगून टाकतो, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणून.” बिराप्पानं ताटातून मान वर केली नाही, पण एक भाकरी जास्त खाल्ली.

मग हस्ताचा पाऊस लागला. सोयाबीन काढून टाकलेलं रानात भिजलं. चालण्यात खंड नको म्हणून बिराप्पा पावसातच निघाला, आणि येताना दोघं चिंब झाली. चिंध्या, कामट्या, दोरी, सगळं फुगलं. सिताबाईनं त्याला चुलीपुढं बसवलं आणि पाय विस्तवाकडं करून दिला. वाळलं. लोकर भिजून वाळली की आखडते. धुतलेलं घोंगडं हातभर कमी होतं, हे त्या घरात पोराटोरांना ठाऊक. त्या दिवशी दोघांच्या मनात तेही आलं नाही. बांधलेलं घट्ट झालं याचा त्याला आनंदच झाला. “आता बग कसं बसलंय,” तो म्हणाला.

चार-पाच दिवसांनी समृद्धी चुलीपासून उठून बाहेर गेली आणि ओकली. आत येऊन म्हणाली, “आत्या, घरात काय मेलंय का? उंदीर-बिंदीर?”

“तुला दिस गेल्यात म्हून वास येतंय.”

पण सिताबाईनं कोठीमागं बघितलं, कडब्याच्या पेंढ्या हलवल्या. दुपारी बोटं धुवायला ती खाटेशी बसली आणि तिचा हात थांबला. पावसाळ्यात मेंढ्यांच्या जखमांत अळ्या पडतात. तो वास तिच्या ओळखीचा होता. शेवटची दोन बोटं निळी-काळी पडली होती, आणि घोट्यापाशी चिंध्यांवर पिवळा ओलावा होता.

“सोडते म्या ह्ये.”

“हात लावू नको.”

“आवं, आत सडायलंय.”

“दुखत न्हाय मला.”

“तुमाला काय दुखतंय!”

बिराप्पानं उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. त्या हातात अजून सगळा जोर होता. “चार दिस राह्यल्यात. सोडलंस की पंजा लोंबला. मग काय मल्हाऱ्याच्याम्होरं फरफटत जाऊ? पाचव्या दिशी सोड. काय आसंल त्ये धुऊ, मलम लावू. मल्हाऱ्याला कळू देऊ नको.”

“ताप हाय तुमाला.”

“चार दिस, सिता.”

तो तिला नावानं हाक मारत नसे. ती उकिडवी बसून राहिली. वाड्यातली निम्मी मेंढरं तिनं हातानं दूध पाजून जगवलेली होती. तीन महिने या माणसाला तिनं कमरेला धरून ओढला होता, आणि आता तो बिरोबाच्या चढावर एकटा जात होता. मेंढ्यांच्या जखमा आठ-आठ दिवस वाहून भरून आलेल्या तिनं पाहिल्या होत्या. चारच दिवस. तिनं मेंढ्यांसाठी ठेवलेली टर्पेंटाईनची बाटली काढली आणि कामट्यांच्या फटीतून आत ओतली. तीन अळ्या बाहेर पडल्या. तिनं त्या चपलेखाली चिरडल्या. मग लिंबाचा पाला खोवला, घरात ऊद जाळला.

समृद्धीनं विचारलं तेव्हा म्हणाली, “घावला उंदीर. टाकला बाहीर.”

दसऱ्याच्या सकाळी बिराप्पाचं अंग भाजत होतं. त्यानं अंघोळ केली नाही, धुतलेलं धोतर मात्र नेसला आणि सिताबाईला पावलावर दोन फडकी जास्त गुंडाळायला लावली. मल्हार तयार होऊन दारात उभा होता.

“आबा, तोंड उतरलंय. उद्या जाऊ पायजे तर.”

“दसरा आज हाय.”

ते निघाले. पुढं बिराप्पा, दहा पावलं मागं मल्हार, त्याच्या मागं सिताबाई. हमरस्त्यावरून झेंडूचे हार लावलेले ट्रक जात होते. रानात सोयाबीनच्या गंजी ताडपत्रीखाली होत्या. ओढा आला; पाणी घोट्याएवढं होतं. बिराप्पानं काठी दगडावर रोवली, डावा पाय पाण्यात टाकला, उजवा ओढून घेतला. चढ लागला. त्याचा सदरा पाठीला चिकटला. निम्म्या चढावर तो थांबला. मल्हारही थांबला. सिताबाई पुटपुटली, “बसा, बसा की वं.” ते तिच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. तो बसला नाही. काठीवर दोन्ही खांदे टाकून त्यानं वीसेक श्वास घेतले आणि पुन्हा पाऊल उचललं.

देवळापाशी त्यानं भिंतीला हात लावला. आत गेला नाही. उंबरा उंच होता. वळला. उतरताना दोनदा काठी सरकली, दोन्ही वेळा मल्हारचे हात पुढं झाले आणि मागं गेले. वाड्याशी येऊन बिराप्पानं कुडाच्या खांबाला पाठ टेकली आणि उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते.

“बसलो का मधी?”

“न्हाय बसला.”

“मग?”

मल्हारनं खिशातून फोन काढला आणि तिथंच, बापासमोर, शिवकुमारला लावला. “न्हाय इकायची. व्हय, एकबी न्हाय. येऊ नका.” फोन ठेवून त्यानं दुसऱ्या खिशातून आपट्याची पानं काढली, बापाच्या उजव्या हातात दिली आणि वाकला. दोन्ही पावलांवर हात टेकवले, कपाळ लावलं.

उठला तेव्हा त्याचा उजवा हात ओला होता. त्यानं तो बघितला. नाकाशी नेला.

“आये, ह्ये काय हाय?”

मल्हारनं बापाला दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर बसवला आणि विळा आणून दोरी कापली. दोरी तुटली तरी कामट्या सुटेनात. टाचेखालची कामटी मांसात बसली होती. घोट्यापासून वरपर्यंत कातडी काळी होती, आणि चिंध्या निघाल्या त्या कातडीसकट निघाल्या. समृद्धी दारातून आत पळाली.

“कवापासनं?”

“आजच खरचटलं आसंल,” बिराप्पा म्हणाला.

मल्हारनं त्याच्याकडं बघितलं नाही. “आये, तुला म्हाईत व्हतं?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“चार दिस.”

मल्हारनं पुन्हा फोन लावला. सणाच्या दिवशी जवळपास दुसरी गाडी मिळणं कठीण होतं. “शिवकुमार भाऊ, गाडी घेऊन या. आत्ता.”

पलीकडून काही विचारलं गेलं.

“मेंढरास्नी न्हाय. आबाला.”

पिकअपच्या हौद्यात गवत आणि लेंड्या होत्या. त्यावर घोंगडं टाकून बिराप्पाला सोलापूरला नेलं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी डावा पाय गुडघ्याखाली काढला. डॉक्टरांनी कामट्यांची हकीकत दोनदा विचारली. दुसऱ्या वेळी एका शिकाऊ डॉक्टरला ऐकवण्यासाठी. दोन्ही वेळा सिताबाईनं सांगितली.

बावीस दिवस ती तिथं होती. आठ दिवस सिद्धारामनं आपली आणि बिराप्पाची अशी मेंढरांची दोन्ही खांडं एकत्र वळली, नवव्या दिवशी त्यानं हात वर केले. मल्हारची ये-जा चालू होती, समृद्धीचे पाय सुजले होते. शिवकुमार आला. त्यानं भाव पाडला नाही, गाडीचं भाडंही मागितलं नाही.

घरी आल्यावर बिराप्पानं रिकाम्या वाड्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. मल्हार पंपावर जाऊ लागला होता. रजेच्या एका दिवशी त्यानं खाटेपासून घरातल्या मोरीपर्यंत भिंतीला आडवा बांबू ठोकून दिला. बापाला धरायला तो बांबू. आईशी तो कामापुरतं बोले: पीठ आणू का, गोळ्या संपल्या का.

पाचव्या दिवशी सिताबाईनं बिराप्पाला उठवलं. उजवा हात बांबूवर, डावा तिच्या खांद्यावर. चालायला पाऊल उरलं नव्हतं. उजव्या पायावर छोटी उडी मारायची, थांबायचं, पुन्हा मारायची.

“कुठंपत्तर?” त्यानं विचारलं.

“मोरीपत्तर. रोज हातरुनात भांडं किती दिस द्यायचं?”

तीन उड्या झाल्या. तो थांबला. धाप कमी व्हायची वाट बघत म्हणाला, “समदी गेली?”

“समदी.”

“मोडक्या पायाची?”

“तीबी. तिच्या कामट्या सोडल्या व्हत्या. पाय बसला व्हता.”

त्याचं वजन तिच्या खांद्यावर वाढत गेलं. ती हलली नाही.

“सिता, त्या दिशी म्या बिरोबापत्तर गेलो व्हतो.”

“गेला व्हता.”

“मधी बसलो न्हाय.”

“न्हाय बसला.”

“मल्हाऱ्यानं बगितलं.”

“बगितलं की.”

त्यानं मान हलवली. तिला वाटलं, आता तो आणखी काही विचारेल, चार दिवसांबद्दल. त्यानं विचारलं नाही. तिनंही काढलं नाही. तिनं खांदा त्याच्या बगलेत नीट बसवला.

“चला,” ती म्हणाली.

मोरी अजून सात उड्या होती.